आठ दिवसांचे आगाऊ अंगठे

औंधच्या यमाईच्या डोंगराला पायऱ्या किती, हे गावातला कुणीही छातीठोकपणे सांगेल आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा निघेल. कृष्णातराव फडतऱ्यांचा आकडा एकशे बारा. पायऱ्या तेवढ्याच आहेत असं नव्हे. एकशे बाराव्या पायरीला त्यांचा श्वास मोजणीच्या कामाचा राजीनामा देई आणि पुढच्या पायऱ्या ते देवीच्या हवाली करून वर जात. या एकशे बाराव्या पायरीशेजारी बसायला एक दगडी कठडा आहे. तो कुणी बांधला माहीत नाही, पण बांधणाऱ्याला माणसाच्या स्वभावाची चांगलीच जाण असावी. पुढं जे काही घडलं, त्याचा निम्मा दोष कृष्णातराव आजही त्या कठड्याला देतात.

कृष्णातराव गावातल्या एका शाळेत वरिष्ठ लिपिक. आमच्या भागात लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून अख्खं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. वय सत्तेचाळीस, पोट वयाच्या थोडं पुढं. अशा माणसावर पहाटे पाचला डोंगर चढायची वेळ आली ती त्यांच्या मुलीमुळं, साक्षीमुळं.

साक्षीनं गेल्या वर्षी पोलीस भरती दिली होती आणि मैदानी चाचणीत दोन गुणांनी गेली होती. आठशे मीटरच्या धावण्यात शेवटच्या वळणावर पाय जड झाले, एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन तिनं पळायचे बूट माळ्यावर टाकले, ते टाकलेच. आता नवी जाहिरात आली होती, फॉर्मची शेवटची तारीख चाळीस दिवसांवर होती, आणि पोरगी विषय काढू देत नव्हती. पोरगी पळायची तेव्हा घराला एक ताल होता. आता ती दिवसभर मोबाईलवर अंगठा फिरवत बसायची आणि कृष्णातरावांना ते बघवायचं नाही. हे तिला सरळ सांगून टाकावं, तर तेवढं त्यांना जमलं नाही. त्यांनी 'सातत्य' या विषयावर भाषण केलं.

भाषण वीस मिनिटं चाललं. साक्षीनं चहाचा कप खाली ठेवला.

"पप्पा, तुम्ही आजवर सलग चाळीस दिवस काय केलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठलीबी एक गोष्ट. जेवण सोडून."

कृष्णातरावांनी बोटं मोजायला सुरुवात केली. आतून त्यांच्या पत्नी संयोगिताबाईंचा आवाज आला. संयोगिताबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. उत्तर न आलेल्या विद्यार्थ्याकडं त्या फार वेळ थांबत नसत. "पेटी सहा दिवस वाजवली. सातव्या दिवसापास्नं तिच्यात उंदीर राहत्यात. डायरी नऊ जानेवारीपर्यंत लिहिली. कानडी शिकाय लागले होते, ते 'ऊटा आयता', म्हंजे जेवलात का, ह्याच्या पुढं गेलं न्हाईत. अजून सांगू?"

"नको," कृष्णातराव म्हणाले.

साक्षी म्हणाली, "मग असं करू. उद्यापासनं चाळीस दिवस रोज पहाटे यमाईचा डोंगर चढायचा. वरपर्यंत. एक दिवसबी चुकला न्हाई, तर मी फॉर्म भरते. चुकला, तर ह्या घरात भरतीचा विषय परत कुणी काढायचा न्हाई."

ती हे चेष्टेत म्हणत नव्हती. कृष्णातरावांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हो म्हणून टाकलं.

कामाला सुरुवात करण्याआधी कामाचं रजिस्टर तयार करायचं, हा पंचवीस वर्षांच्या नोकरीचा संस्कार. रविवारची अख्खी दुपार त्यांनी लाल पेननं रेघा मारण्यात घालवली. अनुक्रमांक, दिनांक, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, साक्षीदाराची सही अथवा अंगठा, शेरा. रजिस्टर स्वतःच्या खर्चानं आणलेलं आहे, शाळेचं नाही, अशी नोंद पहिल्या पानावर करून तिच्याखाली सही केली. रेघा इतक्या देखण्या आल्या की संध्याकाळी त्यांना निम्मा डोंगर चढून झाल्यासारखं वाटलं.

साक्षीदार म्हणून त्यांनी राहीबाईंना नेमलं. राहीबाई डोंगराच्या माथ्यावर नारळ आणि ओटीचं सामान विकतात. साठी ओलांडलेली बाई, पायथ्याला घर, रोज उजाडायच्या आत डोक्यावर पाटी घेऊन वर. पहिल्या दिवशी कृष्णातराव त्यांच्यासमोर पोचले तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांनी खुणेनंच रजिस्टर आणि शाईचं पॅड पुढं केलं.

"भाऊसाहेब, ह्ये काय? कसलं कर्ज काढलंय का काय?"

"सातत्य आहे राहीबाई," श्वास सापडल्यावर कृष्णातराव म्हणाले.

"म्हंजी?"

"रोज न चुकता वर चढायचं."

"आन् वर येऊन काय करायचं?"

"काही नाही. खाली जायचं."

राहीबाईंनी त्यांच्याकडं जरा काळजीनं पाहिलं. "मी बत्तीस साल रोजच चढती की. मला कुणी वही न्हाई आणली." पण अंगठा त्यांनी मनापासून दिला, कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत, शेऱ्याच्या रकान्यात थोडा घुसलेला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी गल्लीत पोचली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. कुणी म्हणालं, रात्री मेथ्या भिजत घाला. कुणी म्हणालं, मेथ्या वाताला वाईट, बदाम घाला. औषधाच्या दुकानदारानं गुडघ्याला पट्टा दिला. समोरच्या काकूंनी तो बघून, पट्टा लावला की गुडघा आळशी होतो, असं सांगितलं. तासगावहून संयोगिताबाईंचे बंधू इंद्रजित यांचा फोन आला. इंद्रजितची द्राक्षबाग आहे आणि बागेत औषध मारायला माणसं लावली की त्याला स्वतःला काही काम नसतं. "दाजी, चढणं म्हत्त्वाचं न्हाई, मेंदू म्हत्त्वाचा. मी व्हिडिओ पाठवतो, बघा निस्ते." त्या रात्री एकोणतीस व्हिडिओ आले. यशस्वी माणसं पहाटे चारला उठतात, असं सांगणारे व्हिडिओ बघत कृष्णातराव साडेअकरापर्यंत जागे राहिले आणि सकाळी संयोगिताबाईंना त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

तिसऱ्या दिवशी उतरताना ज्ञानू सुभेदार भेटले. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण फौज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. पहाटे ते भरतीच्या पोरांना रस्त्यावर पळवतात आणि ज्यांना भरती व्हायचं नाही त्यांनाही.

"शाब्बास रं गड्या! किती दिवसाचं टार्गेट?"

"चाळीस," कृष्णातराव म्हणाले. इथंच चुकलं. माणसानं तोंडातून आकडा काढू नये.

"चाळीस! मग सत्कार झालाच पायजे."

"सुभेदार, आज तिसरा दिवस आहे."

"तर काय झालं? आपला फडतरे हाय, करणारच!"

आमच्या भागाचं हे एक आहे. बाहेर माणूस आधी काहीतरी करतो आणि मग त्याचा सत्कार होतो. आमच्याकडं एवढं थांबायला कुणाला सवड नसते. सुभेदार लगेच कामाला लागले. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांच्याच पलटणीतले एक निवृत्त कॅप्टन ठरले, पण कॅप्टनसाहेबांना लग्नसराईत एकच रविवार मोकळा होता, आणि तो एकविसाव्या दिवशी पडत होता. म्हणजे चाळीस दिवसांचा सत्कार एकविसाव्या दिवशी. कृष्णातरावांनी हा हिशेब सुभेदारांना दोनदा समजावला. सुभेदार म्हणाले, "पावनं परत कवा गावायचं? तुमी उरल्यालं मागनं चढा."

पाचव्या दिवशी पहाटे ते घराबाहेर पडले आणि चौकात थबकले. स्टँडजवळच्या बादशहाभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कुणाच्या तरी वाढदिवसाची ऑर्डर रद्द झाली होती, चौकातली चौकट रिकामी होती, आणि रिकामी चौकट बादशहाभाईंना सहन होत नाही. दहा फुटांचा फ्लेक्स लागला होता. 'सलग चाळीस दिवस यमाई डोंगर सर केल्याबद्दल सातत्यवीर मा. श्री. कृष्णातराव फडतरे (भाऊसाहेब) यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची सतरा तोंडं. मधोमध कृष्णातराव. मुंडकं त्यांचंच होतं, आधार कार्डावरून उचललेलं आणि त्यामुळं जरा घाबरलेलं. मानेखालचा सगळा भाग मात्र दुसऱ्या कुणाचा तरी होता. दंड फुगलेले, पोट आत, पोटऱ्या अशा की कृष्णातराव त्या पोटऱ्यांकडं दोन मिनिटं आदरानं बघत उभे राहिले.

"बादशहाभाई, धड कुणाचं लावलंत?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"भाऊसाहेब, तुमचं धड बसत न्हवतं चौकटीत," बादशहाभाई अगदी प्रेमानं म्हणाले. "आन् चाळीस दिवसांनी असंच व्हनार की. मी आपलं आधीच करून ठिवलं."

शाळेत वेगळीच अडचण उभी राहिली. मुख्याध्यापकांनी फ्लेक्स पाहिला आणि म्हणाले, कर्मचाऱ्यानं बाहेरचा सत्कार स्वीकारायचा तर रीतसर परवानगी लागेल, अर्ज द्या. कृष्णातरावांनी अर्ज लिहिला. अर्ज आवक खिडकीत द्यायचा असतो. खिडकीच्या आत बसणारे तेच. म्हणून बाहेर जाऊन त्यांनी अर्ज आत सरकवला आणि आत येऊन तो उचलला. त्यात 'सत्काराचे निमित्त' स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, तेव्हा त्रुटीचा शेरा मारून त्यांनी तो स्वतःला परत केला. दुसऱ्या दिवशी दुरुस्त अर्जाला आवक क्रमांक देऊन, 'अर्जदाराची वर्तणूक समाधानकारक आहे' अशी टिप्पणी लिहून तो त्यांनी मुख्याध्यापकांपुढं सादर केला. मंजुरी आल्यावर स्वतःच्या नावे पत्र काढलं, जावक नोंदवलं, आणि पोच म्हणून सही घेतली. या सगळ्यात त्यांना फार बरं वाटलं. डोंगरापेक्षा हे काम त्यांच्या हातचं होतं.

तरी खरं सांगायचं तर पहिले नऊ दिवस ते वर गेले. रडतखडत गेले, पण गेले. परत आले की साक्षी काही न विचारता कोमट पाण्याचा तांब्या पुढं करायची. आठव्या दिवशी त्यांना अंगणात पळायचे बूट दिसले. माळ्यावरून काढून, धुऊन, उन्हात भिंतीवर उपडे घातलेले. कृष्णातराव बुटांजवळ जाऊन आले, हात न लावता. त्या दिवशी शाळेत त्यांनी शिपायाला स्वतःहून चहा पाजला.

आणि नवव्या दिवशी राहीबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी उद्यापास्नं आठ दिस न्हाई. तासगावला लेकीकडं चाललीया. तिच्या शेडवर बेदाण्याचं काम आलंय, माणसं मिळंनात."

"मग माझ्या अंगठ्याचं काय?"

राहीबाईंनी क्षणभर विचार केला. "त्यात काय! आनाच ती वही." आणि त्यांनी दहापासून सतरापर्यंत एकाखाली एक आठ अंगठे उमटवून टाकले. "तुमी काय चुकवनार हाय व्हय? एवढा मोठा बोर्ड लागलाय तुमचा."

दुसऱ्या कुणाला यात काही वावगं वाटलं असतं. कृष्णातरावांना वाटलं नाही. ज्यानं सोमवारी अख्ख्या आठवड्याच्या सह्या होताना पंचवीस वर्षं पाहिल्या आहेत, त्याला आठ अंगठे म्हणजे नीटनेटकं काम वाटलं. उलट घरी येऊन त्यांनी पोचल्याच्या वेळाही भरून टाकल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून एक-दोन मिनिटं पुढंमागं करून.

दहाव्या दिवशी ते वर गेले. वर कुणीच नव्हतं. अकराव्या दिवशी एकशे बाराव्या पायरीला ते कठड्यावर टेकले, दोन मिनिटांसाठी. खाली चौकातल्या दिव्याच्या उजेडात फ्लेक्स दिसत होता. तिथं तो पोटऱ्यावाला माणूस सगळा डोंगर चढून उभा होता, त्याचं हार्दिक अभिनंदन होऊन गेलं होतं. पिशवीत रजिस्टर होतं, त्यात आजची हजेरी लागलेली होती. अभिनंदन झालं, नोंद झाली. आता प्रत्यक्ष काम तेवढं बाकी होतं, आणि कार्यालयीन अनुभवावरून कृष्णातरावांना ठाऊक होतं की नोंद झालेलं काम पुन्हा करायला कुणी सांगत नाही. ते चाळीस मिनिटं कठड्यावर बसले आणि खाली आले.

साक्षीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ते पाठ फिरवून पाणी प्यायले.

बाराव्या दिवशी त्यांनी ठरवलं की आज मात्र वर जायचं. तेराव्या दिवशी ठरवलं की उद्यापासून. चौदाव्या दिवसापासून ठरवणं बंद केलं. रोज पाचला ते कडी वाजवून घराबाहेर पडत, कारण आत पोरगी जागी असते हे त्यांना माहीत होतं. कठड्यावर बसून इंद्रजितचे व्हिडिओ बघत, आणि उजाडल्यावर धापा टाकत घरी येत. धापा टाकणंही आता मुद्दाम करावं लागे. एका व्हिडिओत एक गृहस्थ ओरडून सांगत होते, 'उठा! तुम्हाला कोण अडवतंय?' कृष्णातरावांनी बसूनच आजूबाजूला पाहिलं. कुणी अडवत नव्हतं.

स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. पेटी सोडली तेव्हा नुकसान पेटीचं झालं होतं. इथं अंगणात धुतलेले बूट होते. सांगून टाकावं, असं रोज तोंडाशी यायचं. पण सांगितलं की अट मोडली, अट मोडली की भरतीचा विषय कायमचा संपला. म्हणजे पोरीच्या भल्यासाठीच आपण खोटं बोलतोय, असा एक युक्तिवाद त्यांनी तयार केला. तो टिप्पणीत शोभला असता. कठड्यावर एकटं बसल्यावर तो त्यांना स्वतःलाही पटत नव्हता.

अठराव्या दिवशी राहीबाई परतल्या आणि कृष्णातराव पुन्हा वर जाऊ लागले. पाय आता निम्म्यावरून परतायला इतके सरावले होते की पुढच्या पायऱ्या पहिल्या दिवसापेक्षा जड गेल्या.

एकविसाव्या दिवशी, रविवारी, चौकात मांडव पडला. कृष्णातरावांना फेटा बांधला गेला. बांधणाऱ्यानं तो इतका आवळला की त्यांच्या भुवया वर गेल्या आणि पूर्ण कार्यक्रमभर ते आश्चर्यचकित दिसत राहिले. कॅप्टनसाहेबांनी रजिस्टर हातात घेऊन लोकांना दाखवलं. "ह्याला म्हणतात डिसिप्लिन! एक दिवस खाडा न्हाई!" टाळ्या पडल्या. समोर दुसऱ्या रांगेत संयोगिताबाई आणि साक्षी. साक्षी टाळ्या वाजवत होती, आणि ती हसली, वर्षभरात पहिल्यांदा अशी मोकळी.

सुभेदारांना त्याच वेळी एक कल्पना सुचली. ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. "आता ज्यांचं अंगठं हैत, त्या राहीबाई दोन शब्द बोलतील!"

राहीबाई नको नको म्हणत माईकपाशी आल्या. पदर सारखा केला, गर्दीकडं पाहिलं आणि अभिमानानं म्हणाल्या, "मला काय बोलाय येत न्हाई. पर भाऊसाहेबांसारका मानूस न्हाई. मी आठ दिस तासगावला गेलती, तर माझा एवढा इस्वास, की जायच्या आदीच आठ अंगठं देऊन ठिवलं!"

टाळ्या वाजवायला उचललेले हात हवेतच राहिले. कॅप्टनसाहेब शाल घालत होते. ती एका खांद्यावर पडली होती, दुसऱ्या खांद्यापर्यंत जावं की नाही हे त्यांना कळेना. सुभेदारांच्या तोंडून सवयीनं "सावधान!" निघून गेलं. पुढची दोन पोरं खरंच उभी राहिली.

राहीबाईंना काय झालं ते कळलं नाही. "भाऊसाहेब," त्यांनी माईकमध्येच विचारलं, "माझं काय चुकलं का ओ?"

कृष्णातराव साक्षीकडं बघत होते. तिचं हसू गेलं नव्हतं, पण जागच्या जागी थांबलं होतं. अजूनही सुटका होती. 'राहीबाई नव्हत्या तरी मी होतो', एवढं एक वाक्य पुरलं असतं. गावानं हसत विश्वास ठेवला असता. ते उठले.

"राहीबाईंचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. माईक त्यांनी जवळ ओढला. "माझं चुकलं. अकरा ते सतरा, असे सात दिवस मी वर गेलो नाही. निम्म्यावर कठड्यावर बसून खाली आलो. रजिस्टरप्रमाणे एकवीस दिवस आहेत. प्रत्यक्षात चौदा दिवस पूर्ण आणि सात दिवस अर्धपगारी रजा धरावी." हे सवयीनं गेलं. कुणीतरी मागं फिसकन हसलं. "आणि ह्या फ्लेक्सवरचा माणूस मी नाही. साक्षी, अट मोडली. मी तुला रोज फसवलं. पुढं तुझं तू ठरव, मी विषय काढणार नाही."

मग ते खाली बसले. फेट्यामुळं चेहरा अजूनही आश्चर्यचकितच होता.

सत्कार एकदा सुरू झाला की तो थांबवायची सोय आमच्याकडं नाही. कॅप्टनसाहेबांनी शाल दुसऱ्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला, आणि आभारप्रदर्शनही झालं. फक्त चहा लोक नेहमीपेक्षा गपचूप प्यायले. जाताना बादशहाभाई जवळ आले. "भाऊसाहेब, फ्लेक्स काढू का?"

"काढू नका. आकडा दुरुस्त करा. चौदा लिहा."

"ठिगळ दिसंल."

"दिसू दे."

घरी जाताना संयोगिताबाई मुद्दाम चार पावलं पुढं चालत होत्या. नारळ घेतलेले कृष्णातराव आणि साक्षी मागं. 

"पप्पा," साक्षी म्हणाली, "गेल्या वर्षी मी पळतच नव्हते."

कृष्णातराव थांबले.

"शेवटचा महिना. बूट घालून घरातनं निघायचे आन् स्टँडवर जाऊन बसायचे. पयल्या दिवशी नुसता कंटाळा आलता. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची लाज वाटली. आन् सुभेदारकाकांनी तर अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं होतं, पोरगी पोलीस झाली म्हणून." ती खाली बघत चालू लागली. "दोन गुणांनी गेली म्हणून सगळी हळहळत होती. आई दोन दिवस जेवली न्हाई. ते दोन गुण कुठं गेले, मला माहीत होतं. परत फॉर्म कुठल्या तोंडानं भरायचा? तुमाला डोंगराला लावलं, ते तुमीबी मधेच सोडाल म्हणूनच. म्हंजे सगळेच तसले, असं झालं असतं."

"मग सोडलाच की मी."

"व्हय. पण तुमी सांगितलं. माईकवर." तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. "मला वर्षभर आईलाबी सांगता आलं न्हाई."

चार पावलं पुढं चालणाऱ्या संयोगिताबाई मागं न वळता म्हणाल्या, "आईला काय माहीत न्हवतं व्हय? घाम न आल्याले कपडे रोज धुयाला कोण घेत होतं?"

घरी आल्यावर साक्षीनं रजिस्टर मागितलं. मागच्या बाजूनं एक पान उघडून तिनं लाल पेननं रेघा मारल्या, बापासारख्याच देखण्या, आणि गेल्या वर्षीच्या त्या महिन्याच्या तारखा ओळीनं लिहिल्या. प्रत्येकीपुढं लिहिलं, गैरहजर. तीस वेळा. मग रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. "सही करा."

पंचवीस वर्षांत कृष्णातरावांनी न वाचता हजारो पानांवर सह्या केल्या होत्या. हे पान त्यांनी वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचलं. शेवटी 'पाहिले' असं लिहिलं आणि सही केली. त्यांना पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. तो त्यांनी ठेवला.

"फॉर्म भरते मी," साक्षी म्हणाली. "पण उद्या पहिला दिवस. दोघांचाबी. आन् ह्यावेळी सुभेदारकाकांना एकबी आकडा सांगायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाचला दोघं निघाली. चौकात बादशहाभाईंनी शब्द पाळला होता. 'चाळीस'वर वाकडं पांढरं ठिगळ आणि त्यावर हातानं लिहिलेलं 'चौदा'. साक्षी पायऱ्यांवरून पळत गेली आणि दोन वळणांत दिसेनाशी झाली. कृष्णातराव मोजत चढत राहिले. एकशे बाराला पाय आपोआप कठड्याकडं वळले. ते टेकले. खिशात फोन वाजला. इंद्रजितचा व्हिडिओ आला होता. त्यांनी फोन बंद केला, पण उठवेना.

तेवढ्यात वरून, अंधारातून, राहीबाईंचा खणखणीत आवाज आला.

"आवं भाऊसाहेब, पोरीचा अंगठा झाला! आजपास्नं आगाऊ बंद हाय! लवकर या, शाई वाळाय लागलीया!"

कृष्णातरावांनी गुडघ्यावर हात ठेवला, कठड्याला एक शिवी दिली आणि एकशे तेरावी पायरी चढले.